उत्तर नको असलेले प्रश्न

न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआच्या घरातला लँडलाइन फोन अखेर काढून टाकला. 1998 पासूनचा नंबर. ‘राहू दे, सांगलीच्या लोकांना तोच पाठ आहे,’ असं हिचं म्हणणं. पण जून 2025 मध्ये लकोनियाच्या कोर्टातला बनावट फोनांच्या खटल्याचा निकाल ऐकला आणि त्या यंत्रावरून माझं मनच उडालं.

या नंबराचा जमाखर्च मांडायचा तर बरीचशी वर्षं कोरीच निघतील. गालिचे धुऊन देणारे, छप्पर बदलून देणारे, कसल्या कसल्या निधीला देणगी मागणारे. 2010 नंतर तर तो वाजला की आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि कुणीच उठायचो नाही. मला बोलायचंय ते त्याआधीच्या दहा वर्षांबद्दल.

न्यू हॅम्पशायरमध्ये अध्यक्षीय उमेदवारीची पहिली प्रायमरी होते, त्यामुळे दर चार वर्षांनी पानगळ सुरू झाली की फोनही सुरू होत. मला त्याचं कोण अप्रूप! आपल्याकडे उमेदवार मत मागायला येतो, इथे आधी ‘तुमचं मत काय’ म्हणून विचारतात. मला मताधिकार नव्हता. तसं सांगितलं की पलीकडची व्यक्ती आभार मानून फोन ठेवायची. खऱ्या पाहणीची हीच खूण, हे मला आईमुळे कळलं.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. एका संध्याकाळी तिने फोन उचलला. तिचं इंग्रजी ‘येस’ आणि ‘थँक यू’ एवढंच. मी पोचेपर्यंत तीन-चार ‘येस’ देऊन झाले होते. मी समांतर फोन उचलला, तर एक गोड आवाज विचारत होता की अमुक उमेदवाराने अमुक भानगड केल्याचं तुम्हाला कळलं, तर त्याला मत देण्याची शक्यता कमी होईल का? आईने ‘येस’ म्हटलं. आवाजाने आभार मानले आणि फोन ठेवला. तुम्ही मतदार आहात का, वय काय, शिक्षण काय, काहीही न विचारता. सांगलीच्या, पाहुण्या व्हिसावर आलेल्या बाईचं मत मोजायला तो फोन नव्हताच. तो तिच्या कानात काहीतरी सोडायला होता.

याला इथे ‘पुश पोल’ म्हणतात. पाहणीचं सोंग घेतलेली कंडी. खऱ्या पाहणीत काहीशे लोकांना सविस्तर विचारतात आणि उत्तरं नोंदवतात. पुश पोलमध्ये हजारो घरांत एक-दोन प्रश्न टाकतात, उत्तराशी कुणाला देणंघेणं नसतं. आरोप केला तर पुरावा द्यावा लागतो, प्रश्नाला कसला पुरावा? आपला धर्मराज ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणून तरी पुटपुटला होता. इथे नुसतं प्रश्नचिन्ह पुरतं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते 2000 साली. 1 फेब्रुवारीला आमच्या राज्यातल्या रिपब्लिकन प्रायमरीत जॉन मॅकेननी जॉर्ज बुश यांना 18 टक्क्यांनी हरवलं. पुढची लढाई साउथ कॅरोलायनात, 19 तारखेला. मधल्या अडीच आठवड्यांत तिथे बोलवा उठली की मॅकेनना अनौरस, काळी मुलगी आहे. मुलगी होती, पण दत्तक घेतलेली. 1991 मध्ये त्यांच्या पत्नीने ढाक्याच्या मदर तेरेसांच्या आश्रमातून आणलेली बांगलादेशी मुलगी. फोनवर म्हणे प्रश्न काय, तर मॅकेनना अनौरस काळी मुलगी आहे हे कळलं तर तुम्ही त्यांना मत द्याल का? बुश यांच्या यंत्रणेने इन्कार केला. फोन कुणी केले ते सिद्ध झालं नाही. मॅकेन 11 टक्क्यांनी हरले. आमची लेक तेव्हा बालवाडीत होती, साधारण त्याच रंगाची. ‘सिद्ध झालं नाही’ हे शब्द माझ्या घशाखाली आजही उतरत नाहीत.

2007 च्या नोव्हेंबरात पाळी रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतल्या मिट रॉम्नींची आली. आमच्या राज्यात आणि आयोवात त्यांच्या मॉर्मन धर्मावरून खवचट प्रश्न विचारणारे फोन आले. प्रतिस्पर्ध्यांनी कानांवर हात ठेवले. ज्यांना या प्रकाराचा चटका बसला होता, त्या मॅकेननी स्वतःच चौकशीची मागणी केली. हे सगळं रिपब्लिकनांचंच, असं माझे डेमोक्रॅट मित्र म्हणतात, तेव्हा मी त्यांना फ्लोरिडाची आठवण देतो. 1994 मध्ये तिथल्या गव्हर्नर चाइल्सच्या प्रचारकांनी खोट्या संस्थेच्या नावाने म्हाताऱ्यांना फोन करून प्रतिस्पर्धी जेब बुशविरुद्ध भडकवलं, आणि पुढच्या वर्षी ते कबूलही करावं लागलं.

रॉम्नींच्या त्या फोनांच्या सुमारासच इथल्या मंडळाच्या गणपतीत एका मराठी गृहस्थांनी माझी शिकवणी घेतली होती. ते याच धंद्यातले. ‘आम्ही फक्त संदेशाची चाचणी घेतो, प्रश्न विचारणं गुन्हा आहे का?’ हातात मोदक, तोंडावर हसू. मी गप्प बसलो. आज विचारलं असतं, चाचणी सहाशे घरांत घेता की साठ हजार?

कायदा नव्हता असं नाही. न्यू हॅम्पशायरने 1998 मध्येच केला होता. असा फोन करायचा तर कोणत्या उमेदवारासाठी करतोय ते सांगा. पण 2010 च्या एका काँग्रेस निवडणुकीतल्या फोनांवरून सरकार कोर्टात गेलं, आणि 2014 मध्ये राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की संघराज्याच्या निवडणुकांना हा कायदा लागू होत नाही. म्हणजे ज्या निवडणुकांचे फोन सगळ्यात जास्त येतात, त्यांनाच नाही.

तरी त्या काळी पलीकडे माणूस होता. ‘तुम्हाला पैसे कोण देतं?’ म्हटलं की तो अडखळायचा. जानेवारी 2024 मध्ये, प्रायमरीच्या दोन दिवस आधी, इथल्या हजारो फोनांवर खुद्द अध्यक्ष बायडन बोलले: मंगळवारी मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. आवाज यंत्राने बनवलेला. फोन करवणाऱ्या सल्लागाराला केंद्रीय दळणवळण आयोगाने 60 लाख डॉलर दंड ठोठावला, पण जून 2025 मध्ये लकोनियाच्या ज्यूरीने त्याला सगळ्या फौजदारी आरोपांतून निर्दोष सोडलं. तो आवाज बनवून देणाऱ्या न्यू ऑर्लिन्सच्या जादूगाराला 150 डॉलर मिळाले होते.