पाडवा ते पाडवा : टाळेबंदीचा ताळेबंद

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. नव्या खरेदीचा आणि नव्या सौद्याचा दिवस. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच ठरला. पुढच्या वर्षी १३ एप्रिल २०२१ ला पाडवा आला. त्याच दिवशी सायंकाळी मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या लाटेतील कडक निर्बंधांची घोषणा केली. अखेर १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रातील सर्व कोविड निर्बंध उठले आणि दुसऱ्याच दिवशी, २ एप्रिलला, पुन्हा गुढी उभी राहिली. दोन वर्षांच्या या कालखंडाची सुरुवात, मध्य आणि शेवट अशा रीतीने पाडव्याशी जोडले गेले.

व्यापारी कुटुंबात वर्ष संपले की हिशेब मांडण्याची रीत आहे. नफा झाला तरी मांडायचा, तोटा झाला तरी मांडायचा. या दोन वर्षांचा आर्थिक हिशेब आपापल्या वह्यांत केव्हाच लिहिला गेला आहे. निर्बंधांनी समाजाला काय दिले आणि समाजाकडून काय घेतले, हा ताळेबंद मात्र शांतपणे मांडला गेलेला नाही. त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य डोंगराळ भागातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे दोन तालुके नमुना म्हणून घेण्यासारखे आहेत.

सव्वाशे वर्षांचा कायदा

ज्या कायद्याच्या आधारे मार्च २०२० मध्ये राज्य शासनाने पहिले नियम जारी केले, तो साथरोग अधिनियम १८९७ सालचा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उघड झाली आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये अवघ्या चार कलमांचा हा कायदा संमत झाला. अधिकार मोठे आणि शब्द थोडे, असे त्याचे स्वरूप आहे. पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या, सामान जाळले, माणसे छावण्यांत हलवली. हेतू साथ रोखण्याचा होता. परंतु माजघरात आणि देवघरात शिरलेल्या बुटांनी त्या हेतूवरचा विश्वास घालवला. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्चला निवर्तल्या. लोकमान्य टिळकांनी सरकारी जुलमावर टीका करीत असतानाच प्लेगग्रस्तांसाठी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. रोगाशी लढण्यास लोक तयार होते. त्यांचा विरोध अविश्वासाने केलेल्या सक्तीला होता.

आजच्या भोर-वेल्ह्याचा बहुतांश भाग त्या वेळी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. राजगड आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा, ही संस्थानच्या तालुक्यांचीच नावे होती. साथरोग कायदा ब्रिटिश मुलखापुरता असल्याने संस्थानाची सीमा ओलांडली की तो थेट लागू होत नसे. म्हणजे कोणता नियम कोठपर्यंत, हा प्रश्न या डोंगरांना नवा नाही. २०२० मध्ये तो उलट दिशेने पुढे आला.

शहराचे माप, डोंगराचे अंग

२०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांहून अधिक होती. त्यांपैकी भोर तालुक्यात सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्यात सुमारे ५४ हजार माणसे. जिल्ह्यातील दर हजार माणसांमागे वेल्ह्याची जेमतेम सहा. राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि मे महिन्याच्या आरंभी केंद्राने जिल्ह्यांची लाल, नारिंगी व हिरवी अशी वर्गवारी केली, तेव्हा पुणे जिल्हा लाल ठरला. तोरण्याच्या पायथ्याची वाडी आणि शहरातील दाट वस्तीची पेठ एकाच रंगात आली. त्याआधी एप्रिलमध्ये दिलेल्या काही सवलती मुंबई व पुणे महानगर प्रदेशापुरत्या मागे घेण्यात आल्या होत्या. भोर आणि वेल्ह्याचा काही भाग पुणे महानगर प्रदेशाच्या हद्दीत येतो.

पुढच्या वर्षी मापे अधिक नेमकी झाली. जून २०२१ च्या आदेशात बाधितांचे साप्ताहिक प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांचा वापर यांवर पाच स्तर ठरवण्यात आले. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगरपालिका स्वतंत्र धरल्या गेल्या. तरीही उरलेला सारा ग्रामीण जिल्हा एकच घटक राहिला. बारामती, शिरूर, इंदापूरचे आकडे वाढले की वेल्ह्याच्या दुकानाचे दारही लवकर बंद होई. ऑगस्ट २०२१ मध्ये २५ जिल्ह्यांतील दुकानांना रात्री आठपर्यंत परवानगी मिळाली, त्या वेळी पुणे जिल्हा वगळलेल्या ११ जिल्ह्यांत होता.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. वेल्ह्यातील रुग्ण गंभीर झाला की त्याला घाटवळणांच्या रस्त्याने पुण्याकडेच न्यावे लागते. जेथे उपचार दूर, तेथे प्रतिबंधच मोठा आधार. या दोन्ही तालुक्यांतील असंख्य घरांचे कर्ते पुरुष पुण्या-मुंबईत कामाला असतात. शहरे बंद होताच ते गावी परतले. त्यांच्याबरोबर संसर्ग येण्याचा धोका खरा होता. तो कमी करण्यासाठी विलगीकरण आवश्यकच होते. वृद्ध आई-वडील असलेल्या घरांना या निर्बंधांनी संरक्षण दिले, ही ताळेबंदातील जमा बाजू आहे. ती प्रामाणिकपणे लिहिलीच पाहिजे.

नीरा नदीपलीकडचे शिरवळ सातारा जिल्ह्यात आहे. भोरच्या पेठेचा शिरवळशी रोजचा व्यवहार. जिल्हाबंदी लागू होताच जवळचे शिरवळ ‘परजिल्हा’ झाले. दूरचे पुणे मात्र ‘स्वजिल्हा’ राहिले. आंतरजिल्हा एसटी २० ऑगस्ट २०२० ला सुरू झाली आणि प्रवासाच्या ई-पासची अट सप्टेंबरमध्ये गेली. तोवर कागदावरील सीमा हीच रोगाची सीमा मानली गेली होती.

उधारीची साखळी

निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. ‘अत्यावश्यक’ या एका शब्दाने एकाच पेठेचे, पुष्कळदा एकाच कुटुंबाचे, दोन भाग केले. एका भावाचे किराणा दुकान ठरावीक तास उघडे. शेजारच्या गाळ्यातील दुसऱ्या भावाचे कापड किंवा भांड्यांचे दुकान कुलूपबंद. लागोपाठ दोन वर्षांची लग्नसराई एप्रिल-मेच्या निर्बंधांत गेली. लग्नासाठी भरलेला माल कपाटात राहिला. गाळ्याचे भाडे, नोकरांचे पगार आणि बँकेचे व्याज चालूच राहिले.

दुकान उघडे असलेल्या भावाचे सुखही वरवरचे होते. त्याचे कारण डोंगरात आहे. राजगड आणि तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत पावसाळी पर्यटकांवर अनेक घरे चालतात. कोणी पिठले-भाकरी करते, कोणी ताक विकते, कोणी मुक्कामाची सोय करते. २०२० आणि २०२१ च्या पावसाळ्यात गर्दी टाळण्यासाठी गड, धरणे व धबधबे येथे जिल्हा प्रशासनाने पर्यटकांना बंदी केली. पर्यटक आला नाही, की भाकरी करणाऱ्या बाईची किराणा दुकानातील उधारी फिटत नाही. ती फिटली नाही, की गावचा दुकानदार भोरच्या किंवा पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याची रक्कम थकवतो. घाऊक व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते मर्यादेला टेकते आणि शेवटी बँकेचा अधिकारी स्मरणपत्र काढतो. आदेश एका टोकाला निघतो. त्याची झळ साखळीतून फिरत दुसऱ्या टोकापर्यंत जाते.

बँकेच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे या साखळीतील मदतीच्या कड्याही नोंदवाव्याशा वाटतात. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली; ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पुष्कळांनी तिला माफी समजले. ती माफी नव्हती. व्याज चढतच होते. व्याजावरील व्याजाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०२१ मध्ये ते आकारू नये असा निर्णय झाला. मे २०२० मध्ये ३ लाख कोटी रुपयांची तातडीची कर्जहमी योजना जाहीर झाली. तीत जादा तारण न देता, थकीत कर्ज-शिलकेच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज मिळू शकत होते. ज्यांचे खाते आधीपासून बँकेत नियमित होते, त्यांना तिचा लाभ झाला. ज्यांचा सारा व्यवहार रोखीचा आणि शब्दाचा, ते बाहेर राहिले.

पदपथावरील विक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये १० हजार रुपयांच्या कर्जाची स्वनिधी योजना आली. ती शहरी हद्दीत विक्री करणाऱ्यांसाठी होती. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत नगरपरिषद एकट्या भोरला. त्यामुळे भोर शहरात हातगाडी लावणारा पात्र ठरे आणि केवळ ग्रामपंचायत हद्दीतील आठवडे बाजारात पाल ठोकणारा नाही. बाजार मात्र दोघांचाही बंद होता. निर्बंध घालताना शहर आणि गाव एक धरले. मदत देताना वेगळे केले. या ताळेबंदातील ही सर्वांत खटकणारी नोंद आहे.

याच काळात अनेक व्यापाऱ्यांनी आपल्या खातेवहीचा कसही दाखवला. पावसाळ्यापूर्वी भाताची रोपे टाकायला बियाणे आणि खत लागते. कृषी सेवा केंद्रांना मार्चअखेरीसच सूट मिळाली होती. पण शेतकऱ्याच्या हाती पैसा नव्हता. वाडी-वस्तीवरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला, ‘भात आल्यावर बघू’ एवढ्या शब्दावर माल देणारी दुकाने या भागात होती. कोणत्याही योजनेच्या आकडेवारीत ही रक्कम दिसणार नाही.

मर्यादा, मुदत आणि आगार

धर्मस्थळांबाबतचा अनुभव आपल्या समाजाला अधिक जवळचा. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे महावीर जन्मकल्याणक घरातच साजरे झाले. ऑगस्ट २०२० मध्ये पर्युषणाच्या शेवटच्या दोन दिवसांपुरती मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन जैन मंदिरे उघडण्यास सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. एका वेळी अगदी मोजक्या व्यक्तींना प्रवेश, ही त्यामागची भूमिका होती. आर्थिक व्यवहारांना मुभा आणि प्रार्थनेला मात्र पूर्ण बंदी, ही विसंगती सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी सुनावणीत बोलून दाखवली. हा निर्णय इतर ठिकाणी दाखला म्हणून वापरू नये, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. राज्यातील धर्मस्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली.

स्वतःवर बंधन घालून घेणे आपल्याला अपरिचित नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतील दिग्व्रत आणि देशावकाशिक ही व्रते जाण्या-येण्याच्या क्षेत्राचीच मर्यादा सांगतात. साध्या नवकारशीच्या पच्चक्खाणालाही सूर्योदयानंतर ४८ मिनिटे ही मुदत असते आणि त्यात आगार, म्हणजे अपरिहार्य प्रसंगीच्या सवलती, आधीच उच्चारलेले असतात. बंधन कोठपर्यंत, किती काळ आणि कोणत्या अपवादांसह, हे ठाऊक असले की माणूस ते मोडत नाही.

शासनाचे आदेश या कसोटीवर पाहिले तर एक गोष्ट दिसते. जेथे हद्द, मुदत आणि अपवाद स्पष्ट होते, तेथे लोकांनी कठोर नियमही पाळले. जेथे टाळेबंदी १४ एप्रिल, ३ मे, १७ मे, ३१ मे अशी टप्प्याटप्प्याने लांबत गेली, दुकानांच्या वेळा वारंवार बदलल्या, तेथे पालन सैल झाले आणि निमूटपणे नियम पाळणाराच तोट्यात राहिला. रोग नवा होता, प्रशासनालाही पुढचे दिसत नव्हते, हे मान्य करावे लागेल. तरीही पुढच्या वेळी अनुभव नवा असणार नाही.

पुढची शिल्लक

साथ पुन्हा केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. तयारी मात्र आजच करता येते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना व्यापक अधिकार दिले आहेत. तालुका किंवा बाजारपेठ हा घटक धरून निर्बंध ठरावेत, ही मागणी व्यापारी संघटनांनी संकट नसताना लेखी मांडावी. आठवडे बाजार सरसकट बंद करण्याऐवजी तो मोकळ्या मैदानात, पाळीपाळीने कसा भरवता येईल, याचा आराखडा ग्रामपंचायतीकडे तयार असावा. दूरच्या वाड्यांवरील एकट्या वृद्धांची यादी किराणा दुकानदाराइतकी अचूक कोणाकडेच नसते. ती आरोग्य केंद्राच्या उपयोगी पडली पाहिजे.

प्रत्येक पेढीने निदान तीन महिन्यांचा स्थिर खर्च व्यवसायाबाहेर राखीव ठेवावा. किरकोळ व घाऊक व्यापाराला जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली आहे; ती करून घ्यावी, कारण कागदावर नसलेल्या व्यवसायापर्यंत मदत पोहोचत नाही, हे आपण पाहिले. आणि एकाच पेठेतील उघड्या दुकानाने बंद दुकानाचा भार काही प्रमाणात उचलावा, असा अलिखित संकेत असावा. भाडे पुढे ढकलणे, उधारीचा तगादा थांबवणे, शेजाऱ्याच्या नोकराला चार दिवस काम देणे, यांसाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

प्लेगच्या काळात पुण्याने सक्ती पाहिली; कोविडच्या काळात भोर-वेल्ह्याने दुरून आलेले आदेश पाहिले. दोन्ही वेळी रोगाबरोबरच आणखी एक गोष्ट पणाला लागली होती : आदेश देणारा आणि पाळणारा यांच्यातील पत. पत म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. ती वर्षानुवर्षे साठते, एका चुकीच्या नोंदीने घटते आणि संकटात तीच कामी येते.