दिवस राहिले आणि रक्त दिसले

पाळी चुकली. दीड-दोन महिने झाले. घरात आनंद आहे. आणि एके दिवशी अंगावरून थोडे रक्त जाते. घरातले म्हणतात, "पडून राहा, थांबेल." पुष्कळदा ते थांबतेही. पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चार बायांत एकीला असे रक्त दिसते. त्यांतल्या पुष्कळ जणींचे मूल पुढे नीट वाढते.

पण रक्त कशाचे, हे नुसते बाहेरून पाहून कळत नाही. सुईणीला नाही, डॉक्टरलाही नाही. कधी गर्भ पिशवीपर्यंत पोचतच नाही. वाटेतल्या नळीतच रुजतो. नळी ती केवढी! बोटाहून बारीक. गर्भ वाढला की नळी फुटते आणि रक्त पोटात आतल्या आत साचते. बाहेर मात्र थेंबभरच दिसते. इथेच माणूस फसतो. ओटीपोटात एका बाजूला कळ येते. घेरी येते. आणि नवल असे की, खांद्याच्या टोकाला दुखते! साचलेले रक्त छातीखालच्या पडद्याला टोचते, त्याची कळ खांद्यात उठते. उशीर झाला तर बाईचा जीव जातो.

ब्रिटनमध्ये अशा बायांसाठी पुष्कळ इस्पितळांत वेगळा दवाखाना असतो. १९९० नंतर असे दवाखाने वाढत गेले. तिथे पहिल्या तीन महिन्यांतल्या तक्रारीच पाहतात. लघवी तपासतात, सोनोग्राफी करतात. हे यंत्र आवाजाच्या लहरींनी पोटातले दाखवते. ग्लासगो शहरात डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी लोखंडातल्या चिरा शोधायचे यंत्र बायांच्या पोटावर लावून पाहिले आणि १९५८ साली ती रीत जगापुढे मांडली. तरीही उलगडा झाला नाही, तर रक्त तपासतात आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासतात. जिचा गर्भ पूर्वी नळीत राहिला होता, तिला तिथे सहसा चिठ्ठीवाचून थेट येता येते. हे मला फार शहाणपणाचे वाटते. नळीतला गर्भ लवकर सापडला, तर कधी नुसत्या इंजेक्शनावरही भागते. नाहीतर ऑपरेशन करतात.

काहींचा गर्भ मात्र पडतोच. मग बोलणी सुरू होतात. ग्रहण पाळले नाही, हंडा उचलला! लवकर पडणाऱ्या गर्भाच्या बहुतेक वेळा बीजातच उणे असते. त्यात त्या बाईचा काय दोष?

आपल्या खेड्यात असा वेगळा दवाखाना सहसा नसतो. म्हणून रक्त दिसले, तर त्याच दिवशी सोनोग्राफी असलेल्या सरकारी रुग्णालयात जावे. मुलगा की मुलगी, हे मात्र तिथे विचारू नये. १९९४ च्या कायद्याने ते सांगायला बंदी आहे. जोराची कळ, घेरी किंवा खांदेदुखी असेल, तर रात्र असली तरी १०८ ला फोन लावा. ती गाडी फुकट येते. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, ते कागदावर लिहून न्या. डॉक्टर आधी तेच विचारतात.