वीतभर पाइपाचे दुखणे

रात्रभर उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलजवळ सकाळी पेट्रोलचा वास आला, की मालक आधी टाकीचे झाकण बघतो, मग कॉक. कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारा वीतभर रबरी पाइप मात्र नजरेतून सुटतो. तो चिमटीत धरून वाकवला, तर कधी कधी बारीक तडे दिसतात.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हे उद्दिष्ट मुळात २०३० सालचे होते, ते २०२५ वर आणले गेले. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणाला टिकतील असे असतात. प्रश्न त्याआधीच्या गाड्यांचा आहे. त्याहून अधिक तो पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप, गवत कापण्याची यंत्रे, छोटे जनरेटर यांचा आहे, कारण त्यांच्या पाइपाकडे कुणी बघतच नाही.

जुन्या पाइपांत बहुधा नायट्राइल रबर असते. नुसत्या पेट्रोलला ते चांगले तोंड देते, नुसत्या इथेनॉललाही बऱ्यापैकी. दोन्ही एकत्र आले, की मात्र ते दोहोंपेक्षा जास्त फुगते. रबर लवचिक राहावे म्हणून कारखान्यात त्यात काही द्रव्ये मिसळलेली असतात. आत शिरलेले मिश्रण ती हळूहळू धुऊन काढते. यंत्र रोज चालते तोवर पाइप फुगलेला, ओला राहतो आणि तग धरतो. हंगाम संपून पंप कोपऱ्यात गेला, पेट्रोल उडून गेले, की तोच पाइप आक्रसतो, कडक होतो आणि तडकतो. जपून, कमी वापरलेले यंत्रच आधी गळू लागते ते असे.

मायलेज घटले तर खिशाला चाट बसते, एवढेच. गळतीचे तसे नाही. पाइपाच्या जवळच तापलेले इंजिन असते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचून राहते. ठिणगी पुरते.

पाइप बदलायला फार खर्च येत नाही. मात्र इथेनॉलला चालणारा, शक्यतो आतून फ्लोरोकार्बन रबराचे अस्तर असलेला पाइप मागून घ्यावा. दुकानात पुढे केली जाणारी साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी लवकर कडक होते. यंत्र महिनोन्महिने ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करावी, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि पाणी वाढले की त्याच्यासह तळाशी वेगळे बसते. रिकाम्या यंत्राचा पाइप वाळणारच. तेव्हा पुढच्या हंगामात पेट्रोल भरण्याआधी तो एकदा वाकवून बघावा.