टाकीतला वारा

वाऱ्याची वीज साठवायची कशी, याचा माग काढणारे बहुधा जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यापाशी थांबतात. पवनचक्क्यांच्या जादा विजेने पाण्याचं विघटन करावं आणि मिळालेला हायड्रोजन द्रवरूपात साठवावा, ही कल्पना त्यांनी १९२३ साली केंब्रिजच्या व्याख्यानात मांडली. (पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन भुवनेश्वरात देह ठेवणारे हॉल्डेन ते हेच.) मला मात्र कित्येक वर्षं वेड लावलंय ते त्यांच्याही आधीच्या एका मास्तरांनी.

पॉल ला कूर मूळचे हवामानशास्त्रज्ञ, तारायंत्रातले नावाजलेले संशोधक. १८७८ साली ते डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह या खेड्यातल्या लोकशाळेत शिकवायला आले. विजेचं सुख शहरांनीच का भोगावं, ही त्यांची तळमळ. १८९१ मध्ये सरकारी मदतीने त्यांनी शाळेजवळ पवनचक्की उभारली. वारा लहरी, पण डायनामोला वेग स्थिर हवा. त्यासाठी त्यांनी कप्प्या आणि वजनांचं एक साधं यंत्र जुळवलं. ती वीज विघटनपात्रात जाई आणि हायड्रोजन टाकीत भरे. पात्र इटलीच्या पोंपेओ गारुती यांच्या पद्धतीचं होतं. १८९५ ते १९०२ शाळेतले दिवे या वायूवर जळले.

शुद्ध हायड्रोजन शांतपणे जळतो, पण त्यात ऑक्सिजन शिरला की भडका. आस्कोव्हलाही स्फोट झाले, खिडक्यांच्या काचा नव्याने बसवाव्या लागल्या. तरी दिवे चालू राहिले. या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

त्यांनी टाकीतल्या वायूची पुन्हा वीज केली नाही, तो थेट जाळला. आजच्या चर्चेत हाच मुद्दा हरवतो. एक किलो हायड्रोजन तयार करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्यात ऊर्जा उरते ३३ युनिट आणि इंधनघटातून परत वीज मिळते जेमतेम १६ ते २०. जहाजाने न्यायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करण्यात आणखी दहाएक युनिट खर्ची पडतात. उलट चंद्रपूरहून पडघ्याला साडेसातशे किलोमीटर वीज आणणाऱ्या ५०० किलोव्होल्टच्या एकदिश वाहिनीसारख्या तारांत हजार किलोमीटरला साधारण तीनच टक्के गळती होते. म्हणून जिथे तार पोचते, तिथे हायड्रोजनचा हट्ट मला उधळपट्टी वाटतो. महिनोन्‌महिने साठवण हवी असेल तर गोष्ट वेगळी. इंग्लंडात टीसाइडला १९७२ पासून मिठाच्या भूमिगत पोकळ्यांत हायड्रोजन साठवतात.

खुद्द ला कूर १९०२ नंतर बॅटऱ्यांकडे वळले. त्यांनी खेड्यांसाठी वीजतंत्रज्ञ घडवले. त्यांतल्याच योहानेस यूल यांनी १९५७ साली गेडसरची २०० किलोवॉटची पवनचक्की उभी केली.

भारताने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचं लक्ष्य ठेवलंय. त्याचा पहिला मान वीजघरांना नको, खत कारखान्यांना द्या. अलिबागजवळ थळला युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन, आणि तो आजही नैसर्गिक वायूतूनच काढला जातो.