जुने गॅस्केट आणि हाताचा संयम

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट ११०० किंवा तिचीच वारस असलेली पद्मिनी ज्यांनी वडिलोपार्जित ठेव्याप्रमाणे जतन केली आहे, त्यांना कार्बुरेटर उघडताच प्रथम छळते ते दोन भागांमधले कागदी गॅस्केट. कारण पेट्रोल आणि उष्णता यांच्या दीर्घ सहवासाने ते धातूशी जणू एकजीव झालेले असते.

अशा वेळी पोलादी स्क्रू ड्रायव्हरने जबरदस्ती करणे हा निव्वळ अविचार होय. कार्बुरेटरचे अंग बहुधा जस्ताच्या मऊ मिश्रधातूचे असल्यामुळे त्यावरील ओरखड्यातून हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते आणि गाडी उभी असताना इंजिन अडखळू लागते. म्हणून फ्लोट, डायफ्रॅम व रबरी भाग आधी काढून, विस्तवापासून दूर, मोकळ्या हवेत थिनरने भिजवलेला बोळा गॅस्केटवर ठेवावा आणि ते मऊ पडल्यावर बांबूच्या चपट्या पट्टीने हलकेच सोलावे. जुन्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने कोरडे घासून धूळ मात्र मुळीच उडवू नये. अखेरीस तो पृष्ठभाग सपाट काचेवर टेकवून पारखावा. डुलला नाही, तरच नव्या गॅस्केटची तजवीज करावी.