द्रुतगती स्केटिंग, महिलांचे

बर्फाच्या पृष्ठावर पोलादी पाती जडविलेल्या बुटांच्या साहाय्याने ठराविक अंतर कमीत कमी वेळात कापण्याच्या शर्यतींचा महिलांसाठी असलेला विभाग. हिवाळी ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद व आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा यांत त्याचा समावेश असून त्याचे आंतरराष्ट्रीय नियमन ‘इंटरनॅशनल स्केटिंग युनियन’ (स्थापना १८९२) ही संघटना करते.

या खेळाचे दोन प्रकार आहेत. लांब धावमार्गाच्या प्रकारात ४०० मी. परिघाच्या लंबवर्तुळाकार मार्गावर बहुतेक शर्यतींत दोन स्केटपटू एकाच वेळी धावतात व प्रत्येक फेरीत आतला आणि बाहेरचा पट्टा आपसांत बदलतात, त्यामुळे दोघींचे अंतर समान राहते. खरी चुरस घड्याळाशी असते. आखूड धावमार्गाच्या प्रकारात ६० मी. लांब व ३० मी. रुंद रिंकवर १११.१२ मी. फेरीची वाट आखतात. येथे अनेक स्पर्धक एकत्र धावतात आणि क्रमांक मिळविणे महत्त्वाचे असते, साहजिकच धक्काबुक्की व घसरून पडणे हे नेहमीचेच. या दोन मोजमापांतील फरक भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने निर्णायक ठरतो, तो कसा हे पुढे स्पष्ट होईल.

पुरुषांच्या द्रुतगती स्केटिंगला १९२४ च्या पहिल्याच हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. महिलांच्या शर्यती १९३२ मध्ये लेक प्लॅसिड (अमेरिका) येथे केवळ प्रात्यक्षिक म्हणून झाल्या. त्यांचे अधिकृत जागतिक अजिंक्यपद १९३६ पासून सुरू झाले, तथापि ऑलिंपिकचे दार त्यांना १९६० मध्ये स्क्वॉ व्हॅली येथे उघडले. दीर्घ अंतराचे श्रम स्त्रीदेहाला सोसत नाहीत, असा समज क्रीडाधुरीणांत तेव्हा रूढ होता. १९२८ नंतर महिलांची ८०० मी. धावण्याची शर्यत उन्हाळी ऑलिंपिकमधून याच समजापायी वगळली गेली व तीही १९६० मध्येच परतली, हा योगायोग लक्षणीय आहे. प्रत्यक्ष निकालांनी मात्र तो समज खोटा ठरविला. सोव्हिएट रशियाच्या ल्यिद्या स्कोब्लिकोवा हिने १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे ५००, १,०००, १,५०० व ३,००० मी. या चारही शर्यती लागोपाठच्या चार दिवसांत जिंकल्या. तरीही ५,००० मी.ची शर्यत महिलांना १९८८ पर्यंत मिळाली नाही आणि १०,००० मी.ची शर्यत ऑलिंपिकमध्ये पुरुषांपुरतीच राहिली. आखूड धावमार्गाचा प्रकार १९९२ मध्ये ऑलिंपिकमध्ये अधिकृत झाला, तेव्हा महिलांचा समावेश प्रारंभापासूनच होता.

तंत्राच्या बाबतीत एका सुधारणेचे श्रेय महिलांकडे जाते. लांब धावमार्गाच्या बुटाचे पाते सु. १ मिमी. जाडीचे असते. पूर्वी ते बुटाला पुढे व मागे पक्के जोडलेले असे. नव्या बुटात ते केवळ पुढच्या बाजूस बिजागरीने जोडतात. टाच उचलली तरी पाते बर्फाला टेकून राहते आणि रेटा अधिक काळ देता येतो. १९९६-९७ च्या हंगामात नेदर्लंड्सच्या महिलांनी हा बूट स्पर्धांत यशस्वी करून दाखविला. जर्मनीच्या गुंडा नीमान हिच्यासारख्या मातबर स्केटपटूला त्या वर्षी यूरोपीय अजिंक्यपद गमवावे लागले. पुरुषांनी या बुटाचा सार्वत्रिक स्वीकार त्यानंतर केला. आच्छादित धावमार्ग व उंचावरील विरळ हवा यांचाही वेगावर परिणाम होतो. दक्षिण कोरियाच्या ली सांग-ह्वा हिने २०१३ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे ५०० मी. अंतर ३६.३६ सेकंदांत कापले. हा विक्रम दशकाहून अधिक काळ अबाधित राहिला.

नेदर्लंड्सच्या इरीन व्यूस्ट हिने २००६ ते २०२२ या काळातील पाचही ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले. भारतीय वाचकाला मात्र अन्य दोन उदाहरणे अधिक बोधक वाटतील. चेक प्रजासत्ताकाच्या मार्टिना साब्लिकोव्हा हिने २०१० व २०१४ मिळून तीन सुवर्णपदके जिंकली, तेव्हा तिच्या देशात आच्छादित ४०० मी. धावमार्ग नव्हता, सराव परदेशी करावा लागे. फ्लॉरिडासारख्या उष्ण प्रदेशातील एरिन जॅक्सन ही मूळची चाकांवरील स्केटिंगची खेळाडू. ती २०२२ मध्ये बीजिंग येथे ५०० मी.ची विजेती ठरली. पाय बाजूस रेटणे, कमरेत खोल वाकणे व वळणावर पाय ओलांडून टाकणे या क्रिया दोन्ही खेळांत सारख्याच असतात. पात्याच्या धारेवर तोल सांभाळणे मात्र बर्फावरच शिकावे लागते.

महाराष्ट्रातील मुलींचा मार्गही हाच आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी क्वचित दव गोठते, तलाव गोठत नाही. सबब राज्यात नैसर्गिक बर्फाचा प्रश्नच उद्‌भवत नाही. पुण्याची श्रुती कोतवाल ही चाकांच्या स्केटिंगकडून बर्फाकडे वळली. लांब धावमार्गाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारतातर्फे उतरलेल्या पहिल्या महिलांपैकी ती एक होय. २०२२ पर्यंत कोणाही भारतीय स्केटपटूला, स्त्री वा पुरुष, द्रुतगती स्केटिंगसाठी हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला नव्हता. हिवाळी ऑलिंपिकमधील पहिली भारतीय महिला शैलजा कुमार (१९८८) ही स्कीइंगची खेळाडू होती.

२०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडून येथे बांधलेला रिंक पुढे अनेक वर्षे बंद पडला व २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यावर आखूड धावमार्ग मावतो, ४०० मी.चा मावत नाही. लांब धावमार्गासाठी लेह येथील गोठलेल्या तळ्याचा आधार घेतात. २०२४ मधील ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांतील स्केटिंग तेथेच झाले व महाराष्ट्राच्या संघाने पदके मिळविली. हे तळे सु. ३,५०० मी. उंचीवर असून त्यावरील बर्फ हिवाळ्यातील काही आठवडेच धावण्याजोगा राहतो. वर्षाचा उरलेला काळ सराव चाकांवर होतो.