सोनकीच्या जागी कॉसमॉस

पावसाळा सरत आला की पुण्याच्या टेकड्या आणि आसपासच्या रस्त्यांच्या कडा पिवळ्या-केशरी होतात. अनेकांना ही फुले सोनकीची, म्हणजे इथल्याच पिवळ्या रानफुलाची, वाटतात. पण कमरेच्याही वर गेलेली, दाटीने माजलेली ही रोपे बहुतेक ठिकाणी कॉसमॉसची असतात. मूळचे मेक्सिकोतले हे झाड शोभेसाठी बागांत आले आणि कुंपण ओलांडून माळावर गेले. त्याचे वाळलेले फूल चुरडून बी हातात घेतले की हा पसारा कसा वाढतो ते कळते. बी सुईसारखे लांब, काळपट. टोकाला ताठ काटे आणि त्या काट्यांवर उलट्या दिशेचे बारीक अंकुश. शेळीच्या केसांत किंवा पँटला अडकले की ते आपसूक पुढच्या टेकडीवर पोचते.

यात बिघडले काय, फुले सुंदर आहेत आणि फुलपाखरेही येतात, असे विचारले जाते. फुलपाखरे येतात हे खरेच. पण मध प्यायला येणे वेगळे आणि वंश वाढवणे वेगळे. बिबळ्या कडवा कॉसमॉसवर बसेल, अंडी मात्र रुईसारख्या झाडांवरच घालेल, कारण त्याच्या अळ्यांना तीच पाने लागतात. पातळ मातीच्या माळावर गवत, कवला, तेरडा अशी बुटकी झाडे उघड्या उन्हाच्या भरवशावर जगतात. त्यांच्यावर पुरुषभर उंचीचे रान उभे राहिले की ऊन अडते, आणि ऐन बी धरण्याच्या दिवसांत त्यांची उपासमार होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मिरची परदेशी, झेंडूही मेक्सिकोचाच, मग कॉसमॉसवरच राग का? परकेपणा हा दोष नव्हेच. झेंडू शेतकऱ्याच्या हाताखाली राहतो. कॉसमॉस कुणी न पेरता, दरवर्षी आपल्याच बियांवर नवी जमीन घेतो. 1950 च्या दशकात पुण्यात नजरेत भरलेले गाजर गवत याच सूर्यफूल कुळातले. ते देशभर पसरल्यानंतर त्याच्यावर भुंगे सोडूनही ते आटोक्यात आलेले नाही. कॉसमॉस तितका घातक ठरेल असे मी म्हणत नाही; शिवाय त्याच्या बाबतीत एक सोय आहे: हे झाड वर्षायू आहे. ओल्या मातीतून, बी धरण्याआधी, ते मुळासकट हाताने उपटता येते. मात्र एकदा उपटून भागत नाही. मातीत राहिलेले बी पुढच्या पावसात उगवते, म्हणून त्याच जागी दरवर्षी फिरावे लागते. आणि टेकडी सजवायच्या हौसेने कॉसमॉसचे बी उधळणे आधी थांबवायला हवे.